निरोपसमारंभातला पेशंट

भाऊसाहेब माझ्याविषयी भूतकाळात बोलत होते.

"डॉक्टर वाघमोडे या हॉस्पिटलचा कणा होते. गोरगरिबांचे देव होते. माझे तर धाकटे भाऊच होते."

मी त्यांच्या शेजारच्या सोफ्यावर बसलो होतो आणि चांगला जिवंत होतो. डोक्यावर फेटा, गळ्यात हार, अंगावर महागडी, विणकामाची हिमरू शाल, मांडीवर नारळ. समोर हॉस्पिटलचे तीस-चाळीस डॉक्टर, ऑफिसची मंडळी आणि दोन-तीन पत्रकार. सगळे निमंत्रणपत्रिकेनं वारा घेत होते. पत्रिका तेवढी उपयोगी पडली.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही त्याच्या मनात असलं तर. आमचं हॉस्पिटल टँकरवर चालायचं. मोठ्या एसीच्या यंत्राला थंड राहायला भरपूर पाणी लागतं. त्यामुळे ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू सोडून बाकी सगळीकडचा एसी बंद होता. पाचव्या मजल्यावरचा हॉल त्या 'बाकी'मध्ये आला. स्टेजवर दोन टेबलफॅन ठेवले होते. दोन्हींचं तोंड भाऊसाहेबांकडे होतं.

भाऊसाहेब म्हणजे आमचे चेअरमन. मूळचे बिल्डर. बीड बायपासच्या कडेची ज्वारी काढून तिथं फ्लॅट पेरणाऱ्यांत त्यांचं नाव वरचं. त्या पिकाला कधी दुष्काळ पडला नाही, म्हणून पुढं त्यांनी हॉस्पिटल काढलं. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना हॉस्पिटल हीसुद्धा एक स्कीमच वाटते. त्या दिवशी पाचव्या मजल्यावर डिलक्स सूटचं उद्घाटन होतं. माझा निरोप त्यातच उरकला. पत्रिकेवर सूटचा फोटो मोठा होता, माझा पासपोर्ट साइज.

मी कॅज्युअल्टीचा प्रमुख होतो. कॅज्युअल्टी म्हणजे घाईत येणारं सगळं घेणारा विभाग. शहर कसं वाढलं हे कळायला नकाशा लागत नाही, कॅज्युअल्टीत उभं राहिलं तरी पुरतं. मी लागलो तेव्हा विहिरीत पडलेले, साप चावलेले, बैलानं शिंग मारलेले लोक यायचे. मग कारखाने वाढले आणि मशीनमध्ये सापडलेली बोटं यायला लागली, कधी माणसासोबत, कधी वेगळी रुमालात. मग करमाडपर्यंत रस्ता रुंद झाला आणि मोटारसायकलवाले आले. दुष्काळात टँकर आले. पाण्याच्या खेपा मारायच्या घाईत ते कुणालाही उडवायचे. माणसं पाण्यावाचून मरत होती असं नाही, पाण्याखाली मात्र मरत होती.

निरोप मला तिथंच, खाली हवा होता. चहा, भजी आणि माझी माणसं. भाऊसाहेब म्हणाले, "काय डॉक्टर! लोक काय म्हणतील?" झालं, हॉल ठरला. पण कॅज्युअल्टी बंद ठेवता येत नाही. त्यामुळे माझे लोक खाली ड्युटीवर राहिले आणि ज्यांच्याशी माझं उभ्या आयुष्यात पटलं नाही ते वर पहिल्या रांगेत बसले. ज्यांचा निरोप घ्यायचा ते सोडून सगळे हजर होते.

पहिल्या रांगेत माझी दोनच माणसं होती. बायको सुमन आणि थोरले भाऊ आप्पा. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं. घर मेंढरांचं. आप्पांनी मेंढरं राखली म्हणून मी शाळेत गेलो, हे मी कधी विसरलो नाही आणि आप्पांनीही विसरू दिलं नाही. ते नवं धोतर नेसून आले होते. भाऊसाहेबांच्या प्रत्येक 'होते'ला ते अस्वस्थ होऊन इकडंतिकडं बघत होते.

भाऊसाहेबांनी मग माझ्या कर्तबगारीचा किस्सा सांगितला. जालना रोडला बस उलटली तेव्हा मी कसा न जेवता न झोपता राबलो, वगैरे. किस्सा खरा होता, डॉक्टर दुसरा होता. त्याला भाऊसाहेबांनीच पुढच्या वर्षी काढून टाकलं होतं. मी मान खाली घालून कौतुक घेतलं.

तेवढ्यात जळजळ सुरू झाली. बरगड्यांच्या खाली, मधोमध. मग जबडा जड झाला. घाम सगळ्यांनाच होता, पण माझा वेगळा होता. उकाड्याचा घाम गरम असतो, हा गार होता.

पन्नाशीपुढचा माणूस 'पोटात जळजळ आणि गार घाम' म्हणत आला तर ॲसिडिटीचं औषध नंतर, आधी ईसीजी. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा कागदावर निघणारा आलेख. हार्ट अ‍ॅटॅक दरवेळी छातीवर हात ठेवून सिनेमातल्यासारखा येत नाही. हृदयाच्या खालच्या भागाचा अ‍ॅटॅक पोटाच्या दुखण्याचं सोंग घेऊन येतो. हे मी एवढ्या ज्युनिअर डॉक्टरांच्या डोक्यावर आदळलंय की काहींना ते झोपेतही पाठ असेल. आणि त्या दिवशी मी स्वतःचं निदान काय केलं? सकाळचा वडा सांबार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सुमननं खालून खुणेनं विचारलं, काय झालं? मी हातानं सांगितलं, काही नाही. सगळे नवरे सांगतात तसं.

"आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील," भाऊसाहेब म्हणाले.

मी उठलो, माईकपाशी गेलो आणि 'आदरणीय भाऊसाहेब' एवढं म्हणालो. पुढचं भाषण आजपर्यंत झालेलं नाही. डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी स्टेजवर मटकन बसलो. नारळ घरंगळत पत्रकारांपर्यंत गेला.

आजारी पडायला सगळ्यात धोक्याची जागा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, चाळीस डॉक्टर भरलेला हॉल. एक असला तर वाचाल. चाळीस असले तर चर्चा होते. सगळे स्टेजवर चढले आणि प्रत्येकानं आपापला आजार शोधला. हाडांच्या डॉक्टरांनी माझी कंबर चाचपली. डायबेटिसवाले म्हणाले, शुगर खाली गेली. कानवाले म्हणाले, चक्कर कानातूनच येते. त्वचेच्या मॅडम म्हणाल्या, उष्माघात आहे, फेटा काढा. त्यांचं निम्मं तरी बरोबर होतं. कुणीतरी लिंबू सरबत आणायला पळालं.

"आरं, वारं लागू द्या त्याला!" आप्पा गर्दीत घुसले. "दिष्ट लागलीय पोराला. मघापास्नं होते होते करून ऱ्हायलाय त्यो मानूस. कांदा आना कुनीतरी, कांदा!"

या बारभाई कारभारात एक गोष्ट कुणी केली नाही. माझी नाडी धरली नाही. प्रत्येकाला वाटलं, एवढे जण आहेत, कुणीतरी धरली असेलच. हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. त्या गर्दीत मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं, आणि वर मी सूचनाही दिल्या असत्या.

मी तर खाली बसूनही सूचना देत होतो. "काही नाही, ॲसिडिटी आहे. ते गुलाबी औषध आणा. दोन मिनिटांत उठतो."

फोन सुमननं लावला. कॅज्युअल्टीचा नंबर तिला तोंडपाठ होता. सगळ्या संसारात 'साहेब निघाले का?' विचारायला तिनं तोच फिरवला. मला तिचा आवाज ऐकू येत होता. "पाचव्या मजल्यावर पेशंट आहे. साठीचा पुरुष. गार घाम, पोटावर हात दाबतोय, आत्ता खाली बसला. ट्रॉली घेऊन या." नाव तिनं सांगितलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "नाव सांगितलं असतं तर सगळे रडत आले असते. मला काम करणारे पाहिजे होते."

तोपर्यंत भाऊसाहेब माझ्यापाशी वाकले होते. त्यांची स्वतःची बायपास झालेली. तेव्हापासून ते सफारीच्या खिशात एक छोटी डबी ठेवतात. त्यात जिभेखाली ठेवायची गोळी असते. आपल्याकडं निम्म्या घरांत ती असते आणि कुणी छातीला हात लावला की प्रेमानं भरवली जाते. भाऊसाहेबांनी गोळी काढली.

"डॉक्टर, तोंड उघडा. हिनं मला वाचवलंय."

मी तोंड उघडलं. चेअरमनला नाही म्हणायची सवय नव्हती, दुसरं काय.

"भाऊसाहेब, गोळी खिशात ठेवा."

आवाज मागून आला. गर्दी फाकली. डॉ. प्रज्ञा साळवे. छावणीतली, म्हणजे शहरातल्या कॅन्टोन्मेंटमधली मुलगी. वडिलांचं तिथल्या बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. इंटर्न म्हणून आमच्याकडं आली आणि टिकली. माझ्या हाताखाली टिकणं ही वेगळी डिग्री होती, असं माझ्यामागं सगळे म्हणत. दुसऱ्या दिवसापासून माझा विभाग तिच्याकडं जाणार होता. तिच्यामागं ट्रॉली घेऊन रफिकभाई, आमचे जुने वॉर्डबॉय. पेशंट कोण आहे ते त्यांना स्टेजवर आल्यावर दिसलं. रफिकभाईंच्या तोंडून "या अल्ला, ये तो अपने साब" निघालं. प्रज्ञा गुडघ्यावर बसली आणि तिनं पहिल्यांदा नाडी धरली.

"सर, कुठं दुखतंय?"

"ॲसिडिटी आहे."

"मी निदान विचारलं नाही. कुठं दुखतंय ते विचारलं."

हे वाक्य माझं. हजारो पेशंटना मी ते ऐकवलंय. इतकं उद्धट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

नाडी फार हळू चालत होती. बीपी वरचं जेमतेम ऐंशी. आता ती गोळी काय करते ते सांगतो. ती शिरा सैल करते. त्यामुळे हृदयाकडं परत येणारं रक्त कमी होतं आणि त्याचा भार हलका होतो. ज्याचं बीपी चांगलं आहे त्याला आराम पडतो. पण हृदयाच्या खालच्या भागाच्या अ‍ॅटॅकमध्ये कधी कधी उजवा कप्पाही दुखावतो. तो कप्पा येणाऱ्या रक्तावरच कसाबसा तग धरून असतो. तेच तोडलं तर ऐंशीचं बीपी कुठं जाईल याचा भरवसा नाही. ती गोळी माझ्या जिभेखाली गेली असती तर त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली असती. हार तयार होते, शाल होती आणि भाऊसाहेबांना भाषण बदलायचीही गरज पडली नसती.

लिफ्ट उघडली तर आत केटररची पातेली. डिलक्स सूटच्या पाहुण्यांसाठी जिलेबी, मठ्ठा आणि मसालेभात वर आला होता.

"भाई, निकालो ये सब," रफिकभाई म्हणाले.

"दोन मिनिटं थांबा ना, मठ्ठा सांडेल."

"मठ्ठा दुसरा बनता. साब दुसरे नहीं बनते. निकाल!"

माझ्या निरोपसमारंभातलं हे एकमेव चांगलं भाषण.

खाली आलो. माझ्याच कॅज्युअल्टीत मी आयुष्यात पहिल्यांदा उताणा शिरलो. छत दिसलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. बाहेर प्यायला पाणी नाही आणि आमचं छत गळतंय. वर कुठल्या तरी बाथरूमचा पाइप फुटका असणार, आणि हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पेशंट सांगणार तरी कधी?

शेळके सिस्टर कात्री घेऊन आल्या. आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टर. मला कधी भ्यायल्या नाहीत.

"सर, नवा सदरा हाय व्हय?"

"सुमननं आणलाय. बटणं काढा, सिस्टर, बटणं."

"बटनांना येळ नाय." आणि त्यांनी तो खालपासून वरपर्यंत टराटर कापला. मला अजूनही वाटतं, त्यांनी जरा चवीनं कापला. शालसुद्धा अंगाखाली अडकली होती. तिचाही एक कोपरा गेला. भाऊसाहेबांनी "अहो, हिमरू आहे!" म्हणून हात पुढं केला तेव्हा कळलं की ते मागोमाग खाली आलेत.

"प्रज्ञा मॅडम, इथं नको," ते म्हणाले. "वर सूट तयार आहे. डॉक्टरांना तिथं न्या. आराम करू दे. कार्डिओलॉजिस्ट तिथंच येऊन बघतील. आपल्याच विभागप्रमुखाला असं उघड्यावर, पडद्याआड? पत्रकार बसलेत वर."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं गणित होतं.

"सूटमध्ये मॉनिटर नाही," प्रज्ञा म्हणाली. "शॉक द्यायचं मशीन नाही. टीव्ही मोठा आहे फक्त."

"मॅडम, तुम्ही अजून चार्ज घेतलेला नाही. आज दिवसभर प्रमुख तेच आहेत. तेच सांगतील." भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "बोला डॉक्टर. वर जायचं ना?"

मी काय म्हणालो ते सांगायला मला आज लाज वाटते, पण तेव्हा वेगळ्याच गोष्टीची लाज वाटत होती. उघडं अंग, पांढरे केस असलेली छाती, सुटलेलं पोट. शेजारच्या खाटेवर पट्टी बांधून घेत असलेला एक टँकरवाला टक लावून बघतोय. ज्या लोकांपुढं मी कधी खुर्चीतही सैल बसलो नाही, ते माझ्या छातीचे केस काढतायत.

"वर न्या," मी म्हणालो. "मी सांगतोय. ॲसिडिटीच आहे."

सगळे थांबले. शेळके सिस्टर माझ्याकडं बघेनात. सगळ्यांनी प्रज्ञाकडं बघितलं.

इथं आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. गंभीर पेशंट आला की चार-पाच जण एकदम त्याच्यावर तुटून पडतात. एक सुई लावतो, एक मास्क धरतो, एक औषध भरतो. त्यात सगळे बोलायला लागले तर पेशंट जातो. म्हणून एक माणूस खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो, हात मागं बांधून. तो पेशंटला हात लावत नाही. सगळं बघतो आणि तो एकटाच बोलतो. बाकीच्यांनी त्याला उत्तर द्यायचं, आपापसात नाही. त्या जागेवर मंत्र्यानं येऊन सांगितलं तरी ऐकायचं नसतं. ही रीत आमच्याकडं मी आणली. सुरुवातीला लोक हसले होते. म्हणायचे, साहेबांना काम करायचं नसतं म्हणून हात मागं बांधतात.

प्रज्ञा चार पावलं चालली आणि माझ्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. हात मागं बांधले. 

"सर," ती म्हणाली, "पायथ्याशी मी आहे."

मग भाऊसाहेबांना म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

"मी नातेवाईक? मी चेअरमन आहे!"

"मघाशी माईकवर तुम्ही त्यांना धाकटे भाऊ म्हणालात. खाली स्पीकर लावलाय, तेवढं ऐकलं, मग पेशंट आला म्हणून बंद केला. बाहेर थांबा. रफिकभाई."

रफिकभाईंनी भाऊसाहेबांचा दंड अदबीनं धरला. एवढ्या अदबीनं की भाऊसाहेब दाराबाहेर गेले तरी त्यांना काढलंय हे त्यांना कळलं नसावं.

ईसीजी निघाला. मी मान उचलून बघायला गेलो. शेळके सिस्टरांनी कपाळाला हात लावून मान खाली दाबली. "गप पडा." प्रज्ञानं कागद बघितला आणि उजव्या बाजूचा आलेख काढायला सांगितलं. नेहमीच्या तारा डावीकडं लागतात. उजव्या कप्प्याची शंका असली की त्या छातीवर उजवीकडं लावून पुन्हा बघायचं असतं. शंका खरी निघाली.

"खालच्या भागाचा अ‍ॅटॅक आहे, सर. उजवा कप्पाही आहे. सलाईन जोरात सोडतोय. कॅथलॅबला कळवलंय." कॅथलॅब म्हणजे जिथं तार घालून बंद रक्तवाहिनी उघडतात ती खोली.

तेवढ्यात मॉनिटरची टिकटिक आणखी लांबली. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. हा आवाज मी रोज ऐकत आलो. त्या दिवशी तो माझा होता. मी घाबरलो. उगाच शब्द फिरवत नाही, भयंकर घाबरलो. सुमनला मी 'काही नाही' अशी खूण केली होती, तेच आमचं शेवटचं बोलणं ठरेल असं वाटलं.

"ॲट्रोपीन," मी म्हणालो. नाडी वाढवायचं इंजेक्शन. "ॲट्रोपीन द्या. डोस..."

"सर, गप्प बसा," प्रज्ञा म्हणाली. "सिस्टर, ॲट्रोपीन."

इंजेक्शन सिस्टरांच्या हातात आधीच भरलेलं होतं. डोसही तोच होता. मी गप्प बसलो. डोळे मिटले. एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदाच काही करत नव्हतो, आणि सगळं होत होतं. ठोके जवळ यायला लागले.

हॉलमध्ये उशिरा, थेट जेवणापाशी पोचलेले कार्डिओलॉजिस्ट कॅथलॅबमध्ये आले तेव्हा त्यांच्या मिशीला मठ्ठा होता. मनगटातून तार गेली, बंद रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसला. जळजळ अशी थांबली की जणू कुणी बटण बंद केलं. वडा सांबार निर्दोष सुटला.

आयसीयूत आप्पा भेटायला आले.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे. वर काय झालं पुढं?"

"काय व्हनार? भाऊसाहेबानं वर येऊन पुन्यांदा भाशन केलं. मंग पंगत बसली. तुझ्या नावानं लई जेवले लोक." मग म्हणाले, "म्या बी जेवलो. काय करू, भूक लागली व्हती. पर घास गिळत नव्हता रं."

त्यांनी माझा पाय धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी बातमी आली की निरोपाच्या भाषणात भावनाविवश होऊन डॉक्टरांना भोवळ आली. सोबत डिलक्स सूटचा फोटो होता.

डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी मी सुमनला म्हटलं, तू औषधं घे, मी खाली जाऊन येतो. निरोप घ्यायचा राहिलाच होता. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आभार, दोन चांगले शब्द, प्रज्ञाला आशीर्वाद. आणि छताचं तेवढं बघा म्हणून सांगायचं होतं.

कॅज्युअल्टीत पाऊल टाकलं आणि दारात ॲम्ब्युलन्स आली. टँकर आणि जीपची धडक. जीपमधली पाच-सहा माणसं, रक्त, रडारड. माझे पाय आपोआप चालायला लागले. मी पहिल्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभाही राहिलो. हात मागं गेले. तोंड उघडलं.

माझ्या कोपराला कुणीतरी हात लावला. प्रज्ञा होती. ओरडली नाही. माझ्याकडं नीट बघितलंही नाही, कारण तिचं लक्ष खाटेवर होतं आणि ते तिथंच असायला हवं होतं.

"सर, बाहेर थांबा," ती म्हणाली. "आम्ही आहोत."

मी बाजूला झालो. ती त्या जागेवर उभी राहिली. माझ्या तोंडासमोर दार बंद झालं.

बाहेर नातेवाइकांचा लोखंडी बाक आहे. त्यावर मी कधी बसलो नव्हतो. टेकायला पाठ नाही, आणि आतल्या पंख्याचा वारा तिथवर पोचत नाही. जीपवाल्यांच्या गावचे लोक अजून यायचे होते. बाकावर एक म्हातारी तेवढी बसली होती, तिचा नातू पट्टी बांधून घ्यायला आत गेलेला. तिनं माझ्याकडं बघितलं. मनगटाला पट्टी, दाढी वाढलेली, डोळ्यांत पाणी. पाणी होतं, कबूल करतो.

"तुमचं कोन हाय आत?" तिनं विचारलं.

"सगळेच," मी म्हणालो.

"आगं बया! समदेच? त्या जीपमदी व्हते का काय?" ती बाजूला सरकली, मला जागा केली आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला सहज पाणी देत नव्हतं. "घ्या. धीर धरा. आतली डाक्टरीन लई कडक हाय, पर हुशार हाय म्हन्त्यात."

"माहीत आहे," मी म्हणालो. "मला तिनंच बाहेर काढलंय."

मी पाणी प्यालो. आतून प्रज्ञाचा आवाज येत होता, एकटीचाच. बाकी सगळे तिला उत्तरं देत होते. 'बाहेर थांबा, आम्ही आहोत' हे वाक्य मी आयुष्यभर आतून बाहेर फेकत आलो. बाहेर बसून कसं ऐकू येतं, ते मला निवृत्त झाल्यावर कळलं. वाक्य चांगलं आहे. बाक मात्र बदलायला हवा.